ऑइल बदललं आणि प्रेशर पडलं: एका १९७२च्या अँबॅसिडरचं प्रकरण

गाडी अँबॅसिडर मार्क टू, नोंदणी १९७२ची, इंजिन मूळचंच. मालक कोल्हापूरचे, शेती खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. तक्रार अशी की ऑइल बदलल्यापासून इंजिन तापलं की तेलाचं प्रेशर पडतं, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतात आणि गाडी जिथे उभी करावी तिथे खाली तेलाचा डाग पडतो. नेहमीच्या मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि निकाल दिला, "क्रँक बसलंय ओ. इंजिन खाली घ्याय लागतंय. उद्यमनगरात ग्राइंडिंगला टाकू, बेअरिंगचा सेट नवा घालू." खर्चाचा आकडा ऐकून अण्णांनी गाडी घरी आणली आणि मला फोन केला.

त्या तक्रारीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग होता 'ऑइल बदलल्यापासून'. क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, झीज वर्षानुवर्षं होते, ती ऑइलच्या डब्याबरोबर येत नाही. आदल्या महिन्यात जे इंजिन पन्हाळ्याचा घाट चढून आलं, त्याचं क्रँक पुढच्या महिन्यात अचानक बसलं असेल तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं: ऑइलविना गाडी चालली, पाणी तेलात शिरलं, असं काहीतरी. तसं काही झालेलं नव्हतं. म्हणून इंजिनला पाना लावायच्या आधी तेलाची चौकशी करायची ठरली.

बदललेलं ऑइल पुण्याच्या पुतण्याने भेट म्हणून आणलेलं. फुल्ली सिंथेटिक, पाच-तीस, म्हणजे ५डब्ल्यू-३०, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाचं. आजच्या नव्या गाड्यांना चालणारं उत्तम तेल, आणि अण्णा आजवर जे वापरत होते त्याच्या कितीतरी पट महाग. "महागाचं आहे, वाईट कसं असेल?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तेल वाईट नव्हतंच. ते दुसऱ्या इंजिनासाठी होतं.

हे इंजिन कसलं आहे

अँबॅसिडर म्हणजे मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज तीन. हिंदुस्थान मोटर्सने ती उत्तरपाड्याला बनवायला घेतली आणि २०१४पर्यंत बनवली. मार्क टूमधलं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज कुळातलं: १४८९ सीसी, बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि पुशरॉडने वर रॉकर. त्या काळच्या एमजी स्पोर्ट्स गाड्यांमध्येही हेच कुळ होतं, त्यामुळे या इंजिनाबद्दल जगभर बरंच लिहिलं गेलंय आणि त्याच्या खोडी सगळ्यांना पाठ आहेत.

या प्रकरणाशी संबंध असलेल्या खोडी तीन. एक, क्रँकला मेन बेअरिंग तीनच. चार सिलिंडरचा, लांब स्ट्रोकचा भार तीन बेअरिंगवर, आणि बेअरिंगमधली फट आजच्या इंजिनांपेक्षा मोकळी. ती फट भरून धरायला तापल्यावरही जाड राहणारं तेल लागतं. दोन, कॅमवर टॅपेट सपाट बसतो आणि घासत सरकतो, रोलर नाही. स्पर्श होतो तो अगदी अरुंद रेषेवर, तोही व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या दाबाखाली. तीन, क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. तिथे क्रँकवर आटे कापलेले असतात, ज्याला स्क्रोल म्हणतात. क्रँक फिरत असताना ते आटे तेल आत ढकलतात. इंजिन बंद झालं की ढकलणारं कोणी उरत नाही आणि फटीतलं थोडं तेल बेल हाऊसिंगमध्ये, म्हणजे क्लचच्या घरात, उतरतं. त्यामुळे 'अजिबात न गळणारी अँबॅसिडर' ही गोष्ट मी ऐकलीय, पाहिलेली नाही. तेल जितकं पातळ, तितकं ते त्या फटीतून सहज निसटतं.

इंजिन न उघडता काय काय दिसतं

डॅशबोर्डखाली अण्णांनी कधीतरी प्रेशरचा मीटर बसवून घेतला होता. त्यावर विसंबायचं नाही म्हणून ब्लॉकला वेगळा टेस्ट गेज लावला आणि गाडी कळंब्याच्या बाजूला नेऊन चांगली तापवली. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, प्रेशर चौरस इंचाला ६ पौंड. तिसऱ्या गिअरला, मध्यम वेगात २८. या कुळाच्या इंजिनाला तापल्यावर आयडलला १० ते २५ आणि धावताना ५०च्या आसपास असावं. म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हता आणि मिस्त्रींनी ऐकलेला आवाजही खराच होता.

आता बेअरिंग. क्रँक खरंच गेलं असेल तर भाराखाली खालून जड ठोका ऐकू येतो. एकेका प्लगची वायर काढली की त्या सिलिंडरचा ठोका कमी होतो. इथे चारही वायर आळीपाळीने काढून पाहिल्या. खालून ठोका नाही. आवाज होता तो वरून, रॉकर कव्हरखालून, हलका आणि टिकटिकणारा. वर तेल कमी पोचत असल्याचं हे लक्षण. त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नसते.

मग रिलीफ व्हॉल्व्ह. ब्लॉकच्या मागच्या बाजूला घुमटासारख्या नटाखाली एक स्प्रिंग आणि प्लंजर असतो. प्रेशर जास्त झालं की तो उघडून तेल परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, सोडतो. त्याच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो अर्धवट उघडाच राहतो आणि प्रेशर पडतं. नट खोलला, प्लंजर बाहेर काढला. बैठक स्वच्छ, स्प्रिंगही ठीक. अर्ध्या तासात एक शंका मिटली. इंजिन उतरवायला सांगण्याआधी हे पाहायला हवं होतं, एवढं मिस्त्रींच्या बाबतीत म्हणावंच लागेल. माणूस चांगला आहे, हात साफ आहे, पण 'प्रेशर पडलं म्हणजे क्रँक' हे समीकरण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

यानंतर अण्णांनी जे सहज सांगितलं त्याने प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. "गळतंय म्हणतो आपण, पण डिपस्टिकवर तेल कमीच होत नाही. उलट थोडं वरच गेलंय. म्हणजे फार गळत नसावं ना?"

तेल गळतंय आणि पातळी वाढतेय, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील तर संपमध्ये दुसरं काहीतरी येतंय. पाणी किंवा पेट्रोल. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ फेस नव्हता, रेडिएटरचं पाणीही कमी होत नव्हतं; म्हणजे पाणी नाही. डिपस्टिक नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. खात्रीसाठी ब्लॉटिंग पेपरवर एक थेंब टाकून ठेवला. तासाभराने पाहिलं तर मधे काळा ठिपका, आणि त्याच्याबाहेर पसरलेलं फिकट, पातळ कडं. चांगल्या तेलाचा डाग असा दूरवर पसरत नाही.

पेट्रोल आलं कुठून? कार्बोरेटर पाहिला. चोकची केबल म्यानात गंजून अडकत होती. नॉब आत ढकलला की मालकाला वाटे चोक बंद झाला. प्रत्यक्षात तो काही अंशी उघडाच राहत होता. मिश्रण सतत श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, प्लग काजळलेले, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुवत पिस्टनच्या रिंगांवाटे खाली संपमध्ये. त्यात अण्णांची गाडी बहुतेक वेळा चालते महाद्वार रोड ते राजारामपुरी एवढंच. इतक्या अंतरात तेल पुरतं तापतच नाही, त्यामुळे आलेलं पेट्रोल उडून जायला संधी मिळत नाही.

आधीच पातळ तेल, त्यात पेट्रोल. आयडलला ६ पौंड दाखवणारा मीटर बिचारा काय करणार.

तिसरी गोष्ट ब्रीदरची. या इंजिनात बाजूच्या टॅपेट कव्हरवरून एक नळी खाली जाते. रिंगांवरून निसटलेला वायू तिथून बाहेर पडतो. तिच्या तोंडाशी जाळी असते. ती काढली तर काळ्या चिकट गाळाने जवळजवळ बंद. गॅरेजच्या भाषेत ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते प्रत्येक जुन्या इंजिनात थोडंबहुत असतंच. पण त्याला बाहेर जायची वाट नसेल तर दाब क्रँककेसमध्ये साठतो आणि तेलाला जिथून फट मिळेल तिथून ढकलतो. मागच्या स्क्रोलला तर सीलच नाही. खालचा डाग वाढण्यात या जाळीचा हात नक्की होता, आणि ती रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने साफ करायला एक रुपयाही लागला नाही.

कोणतं तेल

दुकानात गेलं की ऑइलच्या डब्यांची भिंत समोर येते आणि सगळे डबे आपणच उत्तम असल्याचं सांगतात. अँबॅसिडरसाठी तीनच प्रश्न विचारायचे: तापल्यावर किती जाड, कॅमला पुरेल इतकं झिंक आहे का, आणि साफ करायची ताकद किती.

जाडीचा हिशोब आकड्यांत स्पष्ट आहे. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० अंश सेल्सियसला तेल किती जाड राहतं ते सांगतो. ३० ग्रेडची जाडी तिथे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या मधली; ४० ग्रेडची १२.५ ते १६.३, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे अण्णांच्या गाडीत घातलेलं तेल तापल्यावर ५० ग्रेडच्या निम्म्याहून जेमतेम थोडं जास्त जाड उरत होतं, आणि वरून पेट्रोल. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५वर. कोल्हापुरात माघातल्या पहाटेही पारा १० अंशांच्या खाली क्वचितच जातो. त्या ५साठी मोजलेले जादा पैसे हिमालयात कामाला आले असते. २०डब्ल्यू-५० हे निदान आपल्या हवेसाठी पुरेसं आहे. जुने ड्रायव्हर उन्हाळ्यात 'चाळीस नंबर'च घालायचे, एकेरी ग्रेडचं, आणि इंजिनं चालायचीच.

इथे एक सावधगिरी. जाड तेलाने मीटरचा काटा वर येतो, पण त्याने झिजलेलं बेअरिंग बरं होत नाही. ठोका येत असताना वीस-पन्नास घालून गाडी विकणारे लोक आहेत. म्हणूनच आधी ठोका नसल्याची खात्री करून मग जाडीचा निर्णय घेतला.

झिंकचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे, आणि जुन्या गाड्यांच्या मंडळींमध्ये यावर जितकं ठाम बोललं जातं तितकं तपासून बोललं जात नाही. झिंक आणि फॉस्फरसचं झेडडीडीपी नावाचं संयुग तेलात असतं. कॅम आणि टॅपेट दाबाखाली एकमेकांवर घासतात तेव्हा तिथल्या उष्णतेने त्याचा पातळ थर धातूवर बनतो. झीज व्हायची ती त्या थराची होते, लोखंडाची नाही. पण याच संयुगातला फॉस्फरस धुरातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचला की त्याला निकामी करतो. म्हणून नव्या तेलांत त्याच्यावर मर्यादा आली. आपल्याकडे कन्व्हर्टर १९९५पासून महानगरांतल्या नव्या गाड्यांना आले. १९७२च्या अँबॅसिडरला तो नाही आणि असायचं कारणही नाही.

यावरून 'एसएन, एसपी लिहिलेलं कुठलंच तेल जुन्या गाडीला नको' असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धसत्य आहे. एपीआयच्या एसएम, एसएन, एसपी या दर्जांत फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडना. २०डब्ल्यू-५०ला ती लागू होत नाही. तेव्हा वीस-पन्नासच्या डब्यावर एसएन पाहून घाबरायचं कारण नाही. त्या तेलाच्या माहितीपत्रकात झिंकचा आकडा पाहावा. उलट बाटलीतलं 'झिंक अॅडिटिव्ह' वेगळं विकत घेऊन ओतायचा सोस टाळावा. तेलातले घटक तोलून मिसळलेले असतात, आणि हे संयुग जितकं जास्त तितकं चांगलं असं नाही. घासून घासून बसलेल्या जुन्या कॅमला तर झिंकची गरज नव्या कॅमपेक्षा कमीच असते.

कोल्हापूरच्या दुकानात प्रत्यक्ष तीन गोष्टी हाताशी होत्या. ट्रॅक्टर-ट्रकचं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ या डिझेल इंजिनांच्या दर्जाचं: झिंक भरपूर, भाव माफक, कुठेही मिळणारं. बुलेटवाल्यांचं वीस-पन्नास, जासो एमए (मोटारसायकलींच्या तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं. आणि पेट्रोल गाड्यांचं मिनरल वीस-पन्नास, एसएल दर्जाचं.

डिझेलचं तेल मला एरवी आवडतं. पण त्यात काजळी धुवून तरंगत ठेवणारी रसायनं जोरदार असतात, आणि या इंजिनात किती गाळ साचलाय ते ब्रीदरच्या जाळीने दाखवलंच होतं. तो गाळ एकदम सुटला तर संपमधल्या गाळणीच्या जाळीवर जाऊन बसतो आणि तेल पंपापर्यंत पोचतच नाही. पंधरा-चाळीस पुढच्या वर्षी चालेल, इंजिन जरा आतून स्वच्छ झाल्यावर, आज नको. बुलेटचं तेल गाडीत घातलं तर काही बिघडत नाही. ते ओल्या क्लचसाठी बनवलेलं असतं, म्हणून त्यात घर्षण कमी करणारे घटक नसतात, एवढंच. पण ते लिटर-लिटरच्या डब्यांत, महाग पडतं. घेतलं ते तिसरं: मिनरल, २०डब्ल्यू-५०, एसएल.

सिंथेटिकने जुनी सील कुजतात, असं मिस्त्रींनी बजावून सांगितलं. हे सुरुवातीच्या काळच्या काही सिंथेटिक तेलांबाबत खरं होतं, आजच्यांबाबत नाही. सिंथेटिक वीस-पन्नास घातलं असतं तरी या गाडीचं काही वाकडं झालं नसतं. पण जे तेल वर्षाकाठी बदलायचंच आहे, त्यावर तिप्पट खर्च कशाला?

बदलण्याचा दिवस

ऑइल गरम असताना काढायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण 'गरम' म्हणजे हात भाजेल इतकं नको. वीसेक मिनिटं गाडी फिरवून आणली, सपाट जागी उभी केली, पुढची चाकं ठोकळ्यांवर. संपचा नट सैल केला आणि शेवटचे आटे हाताने फिरवत आतल्या बाजूला दाबून धरले, म्हणजे तो एकदम सुटून तेलाच्या धारेत पडत नाही. जे तेल आलं ते पाण्यासारखं. मोजून पाहिलं तर आधी भरलेल्यापेक्षा सव्वापाव लिटर जास्तच, गळती वजा न धरता.

धार थांबल्यावर भोकातून वाकवलेली तार घालून संपचा तळ चाचपला. तारेला मऊ गाळ लागला, पण थोडा. कठीण खरपुडी नाही. मिस्त्रींना (ते आता या प्रकरणात रस घेऊन मदतीला आले होते) इंजिन 'डिझेलनं धुवायचं' होतं: लिटरभर डिझेल ओतायचं, पाच मिनिटं चालवायचं, काढून टाकायचं. आपल्याकडे ही रीत सर्रास आहे. मी नको म्हटलं. त्या पाच मिनिटांत बेअरिंगला वंगण म्हणून डिझेलच मिळतं, सुटलेला गाळ सगळा बाहेर येत नाही, आणि कोपऱ्यांत राहिलेलं डिझेल नव्या तेलात मिसळतं. पातळ तेलापायीच तर हे सगळं झालं होतं. त्याऐवजी पहिला बदल ५०० किलोमीटरवर, स्वस्तात. तेलालाच सावकाश साफ करू द्यावं.

फिल्टर म्हणजे या गाडीत वाटी असते. खालून एक लांब बोल्ट, आत कागदी एलिमेंट, स्प्रिंग, वायसर. वाटी वर जिथे बसते तिथे एक खाच असते आणि खाचेत रबरी रिंग. ही रिंग जुनी झाली की कडक होऊन खाचेच्या रंगाची होते आणि हाताला लागतच नाही. नवीन एलिमेंटबरोबर नवीन रिंग येते, ती जुन्यावर बसवली जाते, वाटी घट्ट होते, सगळं ठीक वाटतं. मग एक दिवस रिंग सरकते आणि सगळं तेल रस्त्यावर. अण्णांच्या गाडीत टॉर्च धरून दाभणाने खाच उकरली. पहिली रिंग निघाली. मिस्त्री म्हणाले, झालं. दाभण पुन्हा फिरवलं तर खाली आणखी एक, दगडासारखी, तिचे तुकडे तुकडेच निघाले. खाच मोकळी झाल्यावर कापडाने पुसली, नव्या रिंगेला तेलाचं बोट लावलं आणि ती चारही बाजूंनी नीट बसल्याचं बघूनच वाटी वर नेली. वाटी तेलाने निम्मी भरून घेतली होती, म्हणजे सुरुवातीला पंपाला रिकामी वाटी भरत बसावं लागत नाही.

संपच्या नटाचा तांब्याचा वायसर चपटा झालेला होता. नवा मिळाला तर नवा. न मिळाल्यास जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की तांबं पुन्हा मऊ होतं आणि वायसर बसतो. नट पुरेसा आवळायचा, जोर काढायचा नाही. या गाड्यांच्या संपचे आटे बहुतेक वेळा कोणाच्या तरी दंडातल्या ताकदीने गेलेले असतात.

मग डिपस्टिक बघत बघत तेल. वरच्या खुणेच्या पलीकडे एक थेंब नको, कारण जास्तीचं तेल क्रँक घुसळतो आणि त्याचा पहिला रस्ता मागच्या स्क्रोलमधूनच आहे. कॉइलची वायर काढून स्टार्टरवर इंजिन फिरवलं. गेजचा काटा हलला तेव्हाच वायर जोडून सुरू केलं. अण्णांच्या डिकीत मूळचा हॅंडल अजून आहे. त्याने फिरवूनही हे करता येतं, पण त्या वयात त्यांनी ते करू नये.

चोकची केबल नवी घातली. प्लग साफ केले.

काढलेलं जळकं तेल सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला मागणारा माणूस गल्लीत हजर होताच. त्याला ते दिलं नाही. तसलं तेल शेवटी मातीत आणि विहिरीत जातं. ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे पोचवलं.

निकाल

त्याच रस्त्यावर, त्याच गेजने, तितकंच तापवून: आयडलला १७ पौंड, धावताना ४६. टॅपेटची टिकटिक गेली नाही, पण पातळ झाली. उरली ती टॅपेटच्या क्लिअरन्सची, म्हणजे ठरावीक फटीची, होती आणि फीलर गेज लावून सेट केल्यावर तीही संपली. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला. पूर्वी रात्रभरात तळहाताएवढा डाग पडायचा, आता दोन-तीन थेंब.

५०० किलोमीटरनंतर ठरल्याप्रमाणे पुन्हा बदललं. तेल काळं झालं होतं, जे अपेक्षितच. पेट्रोलचा वास नव्हता आणि पातळी किंचित खाली गेली होती, म्हणजे आता ती सरळ वागत होती. जुनं एलिमेंट कापून कागदाच्या घड्या उलगडल्या: मऊ काळा गाळ भरपूर, पण चमकणारे धातूचे कण नाहीत. क्रँकच्या बेअरिंगचा निकाल माझ्या दृष्टीने इथे लागला. मिस्त्रींनी तो कागद उन्हात धरून दोन-तीनदा फिरवला आणि म्हणाले, "मग राहू दे इंजिन जिथं हाय तिथं."

पातळ ग्रेड, पेट्रोल आणि तुंबलेला ब्रीदर या तिघांतला कोणाचा वाटा किती, हे वेगळं काढायचं तर मध्ये एकदा ताजं पाच-तीस घालून मोजायला हवं होतं. त्यासाठी आणखी एक महागडा डबा फोडायची कोणाचीच तयारी नव्हती. पण एवढं नक्की: नुसतं तेल बदलून चोक तसाच ठेवला असता तर वीस-पन्नाससुद्धा काही महिन्यांत पातळ झालं असतं आणि दोष पुन्हा तेलावर गेला असता.

एका गोष्टीवरून मात्र अण्णांशी वाद झाला. त्यांच्याकडे गाडीचं ऑइल खंडेनवमीला बदलतात, वडिलांपासूनची रीत. दसऱ्याला गाडी धुवून, झेंडूचा हार घालून, नवं तेल भरून बाहेर काढायची. रीत सुंदर आहे, पण इंजिनाच्या दृष्टीने उलटी. ही गाडी दसऱ्यापासून मेपर्यंत लग्नकार्यांना, देवदर्शनाला थोडी थोडी चालते आणि जून ते सप्टेंबर शेडमध्ये उभी राहते. म्हणजे हंगामभर वापरलेलं, आम्ल आणि ओल साठलेलं तेल कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात बेअरिंगवर तसंच बसून राहतं, आणि उभ्या गाडीत गंज धरतो तो याच काळात. तेल बदलायला हवं ते मेच्या अखेरीस, गाडी उभी करायच्या आधी; नवं तेल घालून एकदा नीट तापवायची आणि मग शेडमध्ये लावायची. किलोमीटर कितीही कमी झाले असोत, बदल वर्षाला एकदा. अशा गाडीच्या तेलाचा हिशोब किलोमीटरवर लावून उपयोग नाही.

अण्णांना हे पटायला वेळ लागला. तोडगा त्यांनीच काढला: ऑइल आणि फिल्टर वटपौर्णिमेच्या आत, आणि खंडेनवमीला एअर फिल्टर, प्लग आणि चोकची केबल. हातात पाना आला म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात काहीच खोट दिसत नाही. केबल तर वर्षातून एकदा कोणीतरी बघायलाच हवी.

राहिलेले दोन-तीन थेंब आम्ही तसेच सोडलेत. या कुळाच्या इंजिनांसाठी मागच्या स्क्रोलच्या जागी लिप सील बसवायची किट परदेशात मिळतात, पण ती बसवायची तर इंजिन उतरवावंच लागतं. ज्या दिवशी ते दुसऱ्या कुठल्या खऱ्या कारणासाठी उतरेल, त्या दिवशी सीलचं बघू. तोवर शेडमध्ये पुठ्ठा आहे.